सतरा अंकी संख्या कागदावर कशी उलगडावी

मोठी पूर्णसंख्या समोर आली की हात आधी कॅलक्युलेटरकडे किंवा स्प्रेडशीटकडे जातो, आणि पहिली चूक बहुधा तिथेच होते. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या स्प्रेडशीटच्या चौकटीत लिहून पाहावी. एक्सेल फक्त पंधरा सार्थ अंक सांभाळत असल्यामुळे शेवटच्या दोन अंकांच्या जागी निमूटपणे शून्ये येतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० ही वेगळीच संख्या उरते. ज्या संगणकभाषा सर्व संख्या ६४ बिटांच्या द्विमान ‘फ्लोटिंग पॉइंट’ साच्यात साठवतात, त्यांत २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की एकही विषम संख्या नेमकी मावत नाही. तिथे आपली संख्या १२३४५६७८९८७६५४३२० होऊन बसते, आणि तिला २ ने आणि ५ ने भाग जातो असे ठाम उत्तर मिळते. पायथॉनसारख्या भाषेत पूर्णसंख्या कितीही अंकी असली तरी अखंड राहते, त्यामुळे पडताळा तिथे घ्यावा. मात्र संख्येचे गुणधर्म शोधण्याचे खरे काम कागद, पेन्सिल आणि शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या यांवर होऊ शकते. ते कसे करावे, हे याच संख्येच्या आधारे पुढे मांडले आहे.

सर्वप्रथम अंक मोजावेत आणि संख्या वाचून पाहावी. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत. आजच्या वापरातील लाख-कोटींत ती वाचायची तर ‘एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव’ इतक्या कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस असे म्हणावे लागते, आणि ऐकणारा दुसऱ्या ‘कोटी’ला हमखास अडखळतो. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, एकापासून परार्धापर्यंत दहाच्या प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव दिलेले आहे. त्या यादीप्रमाणे ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दशक आणि एक एकक अशी वाचता येते. अशा वाचनात संख्येची ठेवण लगेच कानावर पडते: अंक एकापासून नवापर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात. अशा आकृतीचे आकर्षण आपल्याकडे जुने आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन ‘एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी’ असे केले आहे.

ठेवण दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये; आधी स्वस्तातल्या कसोट्या लावाव्यात. शेवटचा अंक १ असल्यामुळे २ आणि ५ बाद झाले. शेवटचे तीन अंक ३२१ असल्यामुळे ८ ने भागल्यास बाकी १ उरते. ही बाकी लिहून ठेवावी, पुढे ती उपयोगी पडते. अंकांची बेरीज करताना एक ते आठ दोनदा येतात, म्हणजे ७२, आणि मधला ९ मिळवून ८१. म्हणून ३ ने आणि ९ ने भाग जातो. इथे एक सावधगिरी बाळगावी. अंकांची बेरीज ८१ आहे एवढ्यावरून संख्येला ८१ ने भाग जातो असे मुळीच ठरत नाही. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच खरी आहे, कारण १० ला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, एवढाच तिचा पाया आहे. उदाहरणार्थ, १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी एक वाक्य खर्च करणे भाग आहे.

यानंतरची कसोटी शाळेत सहसा शिकवली जात नाही, आणि माझ्या मते मोठ्या संख्यांसाठी हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१. १००० ला ९९९ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून गटांच्या साध्या बेरजेवरून ९९९ ची, म्हणजे २७ × ३७ ची, विभाज्यता कळते. इथे बेरीज २९९७ येते. तिचे पुन्हा गट पाडून २ + ९९७ केले की थेट ९९९ मिळते. याचा अर्थ आपल्या संख्येला २७ ने भाग जातो आणि ३७ नेही जातो, आणि हे एका बेरजेत कळले. त्याच गटांना उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे चिन्हे दिली, तर १००१ ची, म्हणजे ७ × ११ × १३ ची, कसोटी मिळते, कारण १००० ला १००१ ने भागल्यास बाकी उणे १ मानता येते. ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. आता ३०९ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास १ आणि १३ ने भागल्यास १०. तेव्हा ७, ११ आणि १३ यांपैकी कोणीही विभाजक नाही.

या बाक्या विभाजक बाद करण्यासाठी जितक्या कामाच्या, त्याहून अधिक त्या एका दुसऱ्या प्रश्नासाठी कामाच्या आहेत: ही संख्या पूर्ण वर्ग असू शकेल काय? विषम पूर्ण वर्गाला ८ ने भागल्यास बाकी नेहमी १ उरते. आपली बाकी १ आहे. पूर्ण वर्गाला ७ ने भागल्यास बाकी ०, १, २ किंवा ४ असते. आपली १ आहे. ११ साठी ०, १, ३, ४, ५, ९ या बाक्या चालतात; आपली १ आहे. १३ साठी ०, १, ३, ४, ९, १०, १२ चालतात. आपली १० आहे. ९ साठी ०, १, ४, ७ चालतात. आपली ० आहे. पाचही चाळण्यांतून संख्या पार झाली. चाळणीतून पार होणे ही सिद्धता नव्हे, पण पाच चाळण्यांपैकी एकीतही न अडकणारी सतरा अंकी संख्या सहसा हाती लागत नाही, त्यामुळे वर्गमूळ काढण्याचा खटाटोप आता सार्थ ठरतो. उलट, एखाद्या चाळणीत संख्या अडकली असती तर तो खटाटोप तिथेच वाचला असता.

वर्गमूळ भागाकार पद्धतीने काढावे. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या की १, २३, ४५, ६७, ८९, ८७, ६५, ४३, २१ अशा नऊ जोड्या होतात, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी असणार. पहिल्या १ चे वर्गमूळ १, बाकी शून्य. २३ खाली उतरवावेत. आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे १ लिहून २१, एकदा वजा केल्यास बाकी २. पुढची जोडी उतरवून २४५; आता भाजक २२१, बाकी २४. मग २४६७ मधून २२२१ वजा करून २४६. मग २४६८९ मधून २२२२१ वजा करून २४६८. इथवर बाकी चढत्या सम अंकांची बनत गेली आहे; आता जोड्या उतरत्या होतात आणि बाकीही वळते. २४६८८७ मधून २२२२२१ वजा करून २४६६६. २४६६६६५ मधून २२२२२२१ वजा करून २४४४४४. २४४४४४४३ मधून २२२२२२२१ वजा करून २२२२२२२. आणि शेवटी २२२२२२२२१ मधून नेमके २२२२२२२२१ वजा होऊन बाकी शून्य. प्रत्येक टप्प्यावर भाग एकदाच गेला, म्हणून वर्गमूळ १११११११११ आहे. हा भागाकार एकदा तरी स्वतः मांडून पाहावा, असा आग्रह मी धरीन. त्यात बाकी ज्या शिस्तीने भरत आणि रिकामी होत जाते, ती उत्तरात दिसत नाही.

उत्तर मिळाल्यावर मागे वळून कारण पाहणे सोपे जाते. नऊ एकांच्या संख्येला नऊ एकांनीच गुणताना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे स्तंभांत एक, दोन, तीन असे एक जमत जातात आणि मधल्या स्तंभात नऊ एक येतात. नऊपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून आकृती शाबूत राहते.

आता अवयव पाडायचे आहेत. सतरा अंकी संख्येऐवजी तिच्या वर्गमुळाचे अवयव पाडावेत आणि शेवटी सगळे घातांक दुप्पट करावेत. यामुळे सतरा अंकांचे काम नऊ अंकांवर येते. १११११११११ चे गट १११, १११, १११ असे एकसारखेच आहेत, म्हणून ती १११ × १००१००१ इतकी आहे. १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि भागाकार ३३३६६७ येतो. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ असल्यामुळे ३ चे काम इथे संपले. म्हणजे १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

खरी अडचण या शेवटच्या अवयवाची आहे. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे काय? तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ यांच्या दरम्यान आहे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. १०६ भागाकार करणे अशक्य नाही, पण कंटाळवाणे आहे आणि कंटाळलेला माणूस चुकतो. म्हणून आधी संख्येचा उगम पाहावा. समजा, प ही मूळ संख्या ३३३६६७ चा विभाजक आहे. मग ती १००१००१ चा विभाजक आहे, आणि ९९९ × १००१००१ = ९९९९९९९९९ असल्यामुळे १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. तिसऱ्या घाताची बाकी १ असती, तर १००१००१ म्हणजे दहाचा सहावा घात अधिक तिसरा घात अधिक एक, यांची बाकी १ + १ + १ = ३ झाली असती; ती शून्य व्हायची तर प ही ३ असली पाहिजे, आणि ३ आपण आधीच बाद केले आहेत. तेव्हा बाकी १ देणारा १० चा सर्वांत लहान घात नेमका नववा आहे. फ्रेंच गणिती फर्माने इ. स. १६४० मध्ये मांडलेला प्रमेय सांगतो की १० च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून (प − १) ला ९ ने भाग गेलाच पाहिजे. प विषम असल्यामुळे (प − १) सम आहे, म्हणून १८ नेही भाग जातो. थोडक्यात, १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या असलेल्या मूळ संख्याच तपासायच्या.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत, आणि ३३३६६७ ला त्यांनी भागल्यास उरणाऱ्या बाक्या अशा आहेत: १९ ने ८, ३७ ने १, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११ आणि ५७७ ने १६१. एकही बाकी शून्य नाही, म्हणून ३३३६६७ मूळ संख्या आहे. उगमावरून विभाजकांचे रूप ठरवण्याची ही युक्ती मोठ्या घरची आहे. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या मूळ असल्याचा फर्माचा कयास स्विस गणिती ऑयलरने इ. स. १७३२ मध्ये खोडून काढला. तिचे विभाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठे असले पाहिजेत हे ओळखले की ६४१ हा विभाजक फार लांब राहत नाही.

आता मूळ अवयव पूर्ण झाले: आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. बाकीचे बरेच गुणधर्म या एका ओळीतून निघतात. विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम येणे हे पूर्ण वर्गाचेच लक्षण आहे, त्यामुळे इथे एक फुकटचा पडताळाही झाला. विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची वेगळी बेरीज करून त्या बेरजांचा गुणाकार करावा. १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. १ + ३७ + १३६९ = १४०७. ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ आहे, म्हणून तिसरी बेरीज १११३३४०००५५७. तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९ होतो. एवढा लांब गुणाकार हाताने केल्यावर पडताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. १२१ मुळे उत्तराला ११ ने भाग जायलाच हवा. अंकांची आळीपाळीची बेरीज उणे ११ येते, म्हणजे तो जातो. नवाच्या पडताळ्यात तीन अवयवांच्या बाक्या ४, ३ आणि ३, त्यांचा गुणाकार ३६, म्हणजे शून्य बाकी; उत्तराच्या अंकांची बेरीज ९९, तीही ९ च्या पटीत. या बेरजेतून आपली सतरा अंकी संख्या वजा केली की स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८ मिळते. ती संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या ठरते. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच असते.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्न जरा अधिक रंजक आहे. मूळ अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, आणि असे अवयव सम घातांकातच असले तर चालतात. इथे ते तसेच आहेत. उरलेल्या ३७ ची बाकी १ आहे, आणि ३७ चा वर्ग म्हणजे ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग. या तिन्ही संख्यांना ९ × ३३३६६७, म्हणजे ३००३००३, ने गुणले की १०५१०५१०५, ३६०३६०३६ आणि १११११११११ असे पायथागोरसचे त्रिकुट मिळते. शून्य सोडून आपली संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडण्याची ही एकमेव रीत आहे, कारण ३७ च्या वर्गाची तशी फोड एकाच प्रकारे होते.

अंकांच्या ठेवणीवर अवलंबून असलेले गुणधर्म वेगळे तपासावेत, कारण ते मूळ अवयवांतून थेट निघत नाहीत. या बाबतीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे नाव टाळता येत नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकी करत त्यांनी अंकांच्या अशा अनेक खुब्या शोधल्या. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या एका संख्याप्रकाराला त्यांनी त्या स्थानकाच्या तेव्हाच्या ‘डेमलो’ या नावावरून ‘डेमलो संख्या’ म्हटले. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पाडावेत. डाव्या आणि उजव्या भागाच्या बेरजेत एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधला भागही त्याच अंकाचा असावा. आपल्या संख्येत डावा भाग १२३४५६७८, उजवा ८७६५४३२१, त्यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. कसोटी पुरी झाली.

कापरेकरांचीच दुसरी कसोटी हर्षद संख्येची: संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जावा. इथे ती बेरीज ८१ आहे. आधी जी शंका राखून ठेवली होती ती आता मिटते, कारण अवयवांत ३ चा चौथा घात, म्हणजे ८१, प्रत्यक्ष आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. उलट दिशेने, आपल्या संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१, मिळतो. सगळे अवयव बरोबर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी हा गुणाकार सोयीचा आहे.

सराव म्हणून दहा एकांच्या संख्येचा वर्ग घ्यावा. तो १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे: मधल्या स्तंभात दहा एक जमल्यामुळे हातचा आला, आकृती मध्येच मोडली आणि संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येईनाशी झाली. अंकांची बेरीज ८२ येते. ती सम आणि संख्या विषम, म्हणून ही हर्षद संख्या नाही, हे भागाकार न करताच कळते. तीन-तीन अंकांच्या गटांना आळीपाळीने चिन्हे दिल्यास ८८ येतात, म्हणजे ११ ने भाग जातो, आणि संख्या पूर्ण वर्ग असल्यामुळे १२१ नेही जातो. दहा एकांचे मूळ अवयव ११, ४१, २७१ आणि ९०९१ आहेत. यांतील ९०९१ हा १००००१ चा विभाजक असल्यामुळे वरच्यासारख्याच युक्तिवादाने त्याचे मूळ विभाजक १० च्या पटीपेक्षा एकाने मोठे असले पाहिजेत. म्हणून ११, ३१, ४१, ६१ आणि ७१ हे पाचच भागाकार करावे लागतात, आणि त्यांच्या बाक्या अनुक्रमे ५, ८, ३०, २ आणि ३ येतात.